मंडळी आणि एकट्याचे गाणे



आपल्या भाषेतील 'मंडळी' हा शब्द मोठा सोशिक आहे. नाटक करतात ती मंडळी, भजनाला बसतात ती मंडळी, पंगतीला येतात तीही मंडळी. जुन्या वळणाच्या घरांतून नवरा आपल्या बायकोचा उल्लेखदेखील 'आमची मंडळी' असाच करीत असे. मराठी ख्रिस्ती समाजाने हाच शब्द उचलला आणि इंग्रजीत ज्याला 'चर्च' म्हणतात त्या उपासकांच्या समुदायाला तो बहाल केला. आजच्या व्याख्यानाचा विषय या एका शब्दाभोवती फिरणारा आहे. मंडळीत राहून गाणारा मनुष्य जेव्हा मंडळीतून उठून एकटा गाऊ लागतो, तेव्हा त्याच्या गाण्याचे काय होते? ते त्याचे एकट्याचेच होऊन बसते, की फिरून मंडळीकडे येते?

प्रश्न भक्तीच्या इतिहासातील आहे आणि तो केवळ आपल्याकडचा नाही. म्हणून आरंभी थोडे दूरचे उदाहरण घेतो व मग आपल्या अंगणात येतो.

१९६० नंतरच्या दशकात अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये 'पीपल' नावाचा तरुणांचा एक वाद्यवृंद होता. विजेची गिटार, ढोल आणि उंच आवाजातील गाणे अशा ज्या संगीताला 'रॉक' म्हणतात, ते संगीत हा संच वाजवीत असे. त्यात लॅरी नॉर्मन नावाचा एक गायक होता. त्याचा जन्म १९४७ सालचा. १९६८ मध्ये या संचाचे एक प्रेमगीत इतके लोकप्रिय झाले की अमेरिकेतील विक्रीच्या राष्ट्रीय यादीत ते चौदाव्या क्रमांकापर्यंत चढले. पैसा आणि प्रसिद्धी दारात उभी असताना नॉर्मन संचातून बाहेर पडला. त्याची कारणे पुढे निरनिराळी सांगण्यात आली. परंतु धर्मश्रद्धेवरून सोबत्यांशी पडलेले अंतर त्यांत होते, हे निश्चित. १९६९ साली त्याने स्वतःच्या एकट्याच्या नावावर एक तबकडी काढली. तिचे नाव होते 'अपॉन धिस रॉक'. बायबलात येशू पेत्राला म्हणतो की या खडकावर मी आपली मंडळी रचीन. त्या वचनातील 'खडक' आणि संगीतातील 'रॉक' यांचा हा श्लेष होय. ख्रिस्ती रॉक संगीताची पहिली तबकडी म्हणून तिचा पुष्कळदा उल्लेख होतो.

येथे तबकडीविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. १९४८ साली अमेरिकेत मोठी, सावकाश फिरणारी तबकडी निघाली. पूर्वीच्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-चार मिनिटांचे एक गाणे मावत असे. नव्या तबकडीवर दोन्ही बाजू मिळून चाळीस मिनिटांचे गायन मावू लागले. त्यामुळे गायकाला दहा-बारा गाणी एका सूत्रात ओवून एक सलग विचार मांडण्याची सोय झाली. सुट्या अभंगाशेजारी गाथेचे जे स्थान, तेच सुट्या गाण्याशेजारी या तबकडीचे. संचात असताना गाणे निवडताना चार जणांची मर्जी राखावी लागते. एकट्याच्या तबकडीत आरंभापासून अखेरपर्यंत एकाच माणसाचे मन बोलते. तिचे वैभव तेच आणि तिचा धोकाही तोच.

नॉर्मनला हा धोका लवकरच कळला. तबकडी फारशी खपली नाही आणि काढणाऱ्या कंपनीने त्याच्याशी असलेला संबंध तोडला. बाजाराच्या दृष्टीने त्याची गाणी फार धार्मिक होती आणि धर्मोपदेशकांपैकी अनेकांच्या दृष्टीने त्याचे संगीत फार ऐहिक, नव्हे सैतानी होते. चांगले संगीत सैतानाच्याच ताब्यात का राहावे, असा सवाल त्याने पुढे एका गाण्याच्या शीर्षकातच केला. ते गाणे असलेली १९७२ ची 'ओन्ली व्हिजिटिंग धिस प्लॅनेट' ही तबकडी पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांच्या २०१३ च्या यादीत घेतली. नॉर्मन २००८ साली वारला. ज्या चालीला चर्चच्या दारात मज्जाव होता, ती पुढे चर्चच्या आत वाजू लागली आणि त्याची काही गाणी तरुणांच्या उपासनेच्या पुस्तकांत जाऊन बसली.

आता हा सवाल आपल्याला अपरिचित आहे काय? या नगरीत बसून तर तसे म्हणताच येणार नाही. येथून पन्नास-पंचावन्न किलोमीटरांवर पैठण आहे आणि पैठणात सोळाव्या शतकात एकनाथ महाराजांनी हाच सवाल आपल्या रीतीने सोडवला होता. गोंधळी, वासुदेव, जोशी, फकीर यांची रस्त्यावरची गाणी, त्यांची सोंगे, त्यांच्या आरोळ्या नाथांनी उचलल्या आणि त्यांत परमार्थ भरला. ती भारुडे सुमारे तीनशे आहेत. देवाचे बोलणे देवभाषेतच झाले पाहिजे, असे म्हणणाऱ्यांचा विरोध त्यांना सोसावा लागला. नाथभागवताची रचना शेवटी वाराणसीत, १५७३ साली पुरी झाली. म्हणजे चाल कोठलीही असो, ती लोकांच्या ओठांवरची असली तर देवाला चालते, हा निर्णय मराठी मुलखात चारशे वर्षांपूर्वीच झालेला आहे.

तो निर्णय ख्रिस्ती धर्मोपदेशकांपैकी एका शहाण्या माणसाने ताबडतोब ओळखला. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यास आला. त्याने पोर्तुगीजांची भाषा नव्हे, तर ज्ञानोबा-एकनाथांची ओवी हाती घेतली आणि सुमारे अकरा हजार ओव्यांचे ख्रिस्तपुराण रचले. ते १६१६ मध्ये रायतूरला छापले गेले. पण पुढे १६८४ साली पोर्तुगीज सरकारने देशी भाषेवरच बंदीचा हुकूम काढला आणि हा प्रवाह तेथे क्षीण झाला.

एकोणिसाव्या शतकात प्रॉटेस्टंट मिशने महाराष्ट्रात पसरली तेव्हा पुन्हा पहिल्यापासून आरंभ झाला. आपल्या भागापुरते बोलायचे तर औरंगाबादेत चर्च मिशनरी सोसायटीचे रतनजी नवरोजी, जे जन्माने पारशी होते, त्यांनी काम केले आणि जालन्याकडे नारायण शेषाद्री यांनी बेथेल ही वसाहत उभारली. दोघेही या देशातलेच. तथापि उपासनेत जे गायिले जाई त्याचा मोठा भाग इंग्रजी गीतांचा अनुवाद असे. चाल विलायती, मात्रा विलायती, आणि त्या मापात मराठी शब्द कसेबसे कोंबलेले. दिवसभर शेतात ओवी म्हणणारी बाई रविवारी मंडळीत आली की मुकी होई. अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, येथील कृष्णराव रत्नाजी सांगळे यांच्यासारख्या काहींनी ख्रिस्ती कीर्तनाचा पायंडा पाडला आणि दगडी भिंतीला एक खिडकी पाडली. पण त्या खिडकीचे दार करायला एका मोठ्या कवीची गरज होती. तो कवी म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक.

टिळकांचे चरित्र महाराष्ट्राला मुख्यतः लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रां'तून ठाऊक आहे, म्हणून ते तपशिलाने सांगत नाही. जन्म ६ डिसेंबर १८६१, रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव. स्वभाव एका जागी न टिकणारा, विद्वत्ता संस्कृताची, हृदय कवीचे. १८९३ साली नागपुराहून राजनांदगावास जाताना आगगाडीत एक युरोपियन गृहस्थ भेटला. त्याने त्यांना नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीतही केले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. घर मोडले. लक्ष्मीबाई माहेरच्यांच्या आधाराने दूर राहिल्या. काही वर्षांनी परत आल्या आणि पुढे १९०० मध्ये स्वतःच्या विचाराने त्याही ख्रिस्ती झाल्या.

ही टिळकांनी सोडलेली पहिली मंडळी. जातीची, गोताची मंडळी. तिच्या बदल्यात त्यांना दुसरी मिळाली. अमेरिकन मराठी मिशनच्या सेवेत अहमदनगरला त्यांनी दोन तपे काढली. धर्मशिक्षणाच्या शाळेत शिकवले, १९०४ मध्ये पाळकपदाची दीक्षा घेतली, १९१२ पासून 'ज्ञानोदया'चा मराठी विभाग सांभाळला. त्यांच्या घरी बालकवी ठोमरे यांच्यासारखा कवी मुलासारखा राहिला. फुलामुलांचे कवी म्हणून सारा महाराष्ट्र त्यांना ओळखू लागला. म्हणजे बाहेरून पाहणाऱ्याला वाटावे की या माणसाला आता कशाची वाण आहे?

वाण एकाच गोष्टीची होती. ज्या ख्रिस्तासाठी त्यांनी जात सोडली, तो ख्रिस्त त्यांना विलायती पोशाखात दिसे आणि ते त्यांना सोसवत नसे. ते स्वतः तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे मानीत. ज्याला पूल ठाऊक आहे त्याने इतरांना नदीत पोहायला कसे लावावे? म्हणून त्यांनी उपासनेसाठी अभंग लिहिले, भजने लिहिली, ओव्या लिहिल्या, टाळ आणि मृदंग यांना शोभणाऱ्या चालींवर लिहिल्या. त्यांची अशी पदे शंभरांहून अधिक भरतात. भक्त आणि देव यांच्यातले आई-लेकराचे, सख्याचे, कधी रुसव्या-फुगव्याचे जे नाते संतांनी मराठीला शिकवले होते, ते त्यांनी ख्रिस्ताशी जोडले.

हे सर्व मिशनमध्ये राहून चालले होते आणि मिशनमधील अनेकांना ते प्रियही होते, हे न्यायाने सांगितले पाहिजे. याच अमेरिकन मिशनमधील डॉ. जस्टिन ॲबट यांनी पुढे भानुदास आणि एकनाथ या आपल्या पैठणच्या संतांची चरित्रे १९२६-२७ मध्ये इंग्रजीत आणली. तेव्हा मिशन म्हणजे केवळ अडाणी परकेपणा, असे समजणे चूक होईल. पण संस्था ही संस्था असते. तिला हिशेब असतो, वरिष्ठ असतात, परदेशातून येणारे द्रव्य असते आणि त्या द्रव्याबरोबर येणारी नोकरी असते. देशी कार्यकर्ता कितीही मोठा असला तरी अखेर तो मिशनचा माणूस ठरतो. गावकरी त्याच्याकडे साधू म्हणून पाहत नाही, पगारदार म्हणून पाहतो. टिळकांचे दुखणे हे होते.

सप्टेंबर १९१७ मध्ये वयाच्या छप्पन्नाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर त्यांनी मिशनचा राजीनामा दिला आणि संन्यास पत्करला. नंतर ते साताऱ्यास राहिले आणि 'देवाचा दरबार' नावाचा एक बंधुसमाज त्यांनी मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती, तशीच न घेतलेल्यांनाही होती. ख्रिस्ताचा शिष्य व्हावे आणि आपल्या देशाचाही राहावे, ही त्याची भूमिका. बाप्तिस्म्याची अट ढिली करणे ही रूढ ख्रिस्ती दृष्टीने लहान गोष्ट नव्हे. जी रेघ ओलांडण्यासाठी त्यांनी स्वतः घर मोडू दिले, तीच रेघ आता ते इतरांसाठी पुसट करीत होते. यात विसंगती आहे काय? मला वाटते, नाही. ज्याने किंमत मोजलेली असते त्यालाच ती दुसऱ्यावर लादताना संकोच वाटतो.

एक भेद मात्र ध्यानात घ्यावा. टिळकांनी मिशन सोडले. मंडळी सोडली नाही. 'ज्ञानोदया'चे संपादनही अखेरपर्यंत त्यांच्याकडेच होते. संच सोडणारे पुष्कळ जण सोबत्यांवर दात धरून बाहेर पडतात आणि त्यांचे पहिले एकट्याचे काम म्हणजे जुन्या भांडणाचे उत्तर असते. टिळकांचा राजीनामा तसल्या जातीचा नाही. ते नोकरीतून उठले आणि नात्यात राहिले. त्यामुळेच त्यांच्या गाण्याला परतीची वाट उरली.

त्यांच्या एकट्याच्या कामात सर्वांत मोठे काम होते ते 'ख्रिस्तायन'. येशूचे समग्र चरित्र मराठी महाकाव्यात गावे, रामायण जसे घरोघर वाचले जाते तसे ते वाचले जावे, अशी ही आकांक्षा होती. स्टीफन्सच्या पुराणानंतर तीनशे वर्षांनी एका मराठी माणसाने पुन्हा तोच डोंगर उचलायचे ठरवले. पण राजीनाम्यानंतर त्यांना उणीपुरी दोनच वर्षेसुद्धा मिळाली नाहीत. ९ मे १९१९ रोजी मुंबईत जमशेटजी जिजीभाई रुग्णालयात त्यांचा अंत झाला. 'ख्रिस्तायना'चे दहा-साडेदहा अध्यायच हातून झाले होते. दरबारही त्यांच्या पाठोपाठ ओसरला. संस्था सोडून त्यांनी जी संस्था काढली ती टिकली नाही.

येथे व्यवहारी मनुष्य म्हणेल की हिशेब तोट्याचा झाला. दोन वर्षे मिशनमध्येच राहिले असते तर काव्य कदाचित पुरे झाले असते, संसाराला स्थैर्य राहिले असते. या आक्षेपाला हसून उडवता येणार नाही. एकट्याच्या गाण्याची किंमत बहुधा गाणारा एकटा देत नाही. त्याच्या घरची माणसे देतात. लक्ष्मीबाईंनी ती आयुष्यभर दिली, हे 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. त्या हसत हसत सांगतात म्हणून ती लहान ठरत नाही.

पण इतिहासाने हिशेब तेथे मिटवला नाही. टिळक गेल्यावर ते अपुरे काव्य लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. ज्या बाईला लग्नानंतर नवऱ्याने अक्षरे गिरवायला लावली, जिने शाळेचे तोंड धड पाहिले नव्हते, तिने नवऱ्याच्या साडेदहा अध्यायांना चौसष्ट अध्यायांची भर घातली. म्हणजे ग्रंथ टिळकांच्या नावाने ओळखला गेला तरी त्याचा फार मोठा भाग लक्ष्मीबाईंचा आहे. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्या वारल्या आणि 'ख्रिस्तायन' १९३८ मध्ये प्रसिद्ध झाले. शेवटचा हात त्यांचे चिरंजीव देवदत्त टिळक यांनी फिरवला. एका माणसाने एकट्याने म्हणून आरंभिलेले गाणे पुरे व्हायला तिघे लागले.

आणि त्या सुट्या पदांचे काय झाले? मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या 'उपासना संगीत' या गीतसंग्रहात टिळकांच्या रचनांनी फार मोठी जागा व्यापली. ज्या मिशनच्या चाकरीतून ते उठले, त्याच मिशनच्या मंडळ्यांत त्यांचे अभंग रविवारी म्हटले जाऊ लागले. निकोल मॅकनिकल यांनी त्यांतील काहींचे इंग्रजी रूपांतर केले आणि त्यांतले एक ब्रिटनमधील गीतसंग्रहांत जाऊन पोचले. दैवाची गंमत पाहा. ज्यांच्या अनुवादित गीतांना कंटाळून मराठी कवीने अभंग हाती घेतला, त्यांनाच तो अभंग अनुवाद करून गावासा वाटला. पुलावरची रहदारी उलट्या दिशेनेही सुरू झाली.

आता टिळक आणि नॉर्मन यांना शेजारी शेजारी ठेवून पाहू. त्यांच्यात साम्य फार नाही. एक छप्पन्न वर्षांचा संन्यासी, दुसरा बावीस वर्षांचा लांब केसांचा तरुण. एकाने मिशन सोडले, दुसऱ्याने करमणुकीचा संच. एकाच्या गाण्याची त्या वेळची तबकडी आपल्यापाशी नाही, दुसऱ्याचा सूर न् सूर जतन झालेला आहे. तरीही दोघांनी मोठा निर्णय एकाच कारणासाठी घेतला. भक्तीचे गाणे लोकांच्या चालीत गायचे होते आणि ज्या मंडळींत ते होते, त्यांच्यापैकी कोणाला तशी भक्ती नको होती, तर कोणाला तशी चाल परवडत नव्हती. दोघांनाही जिवंतपणी व्यवहारात फारसे यश आले नाही. आणि दोघांचेही गाणे अखेर त्याच उंबरठ्याच्या आत गेले, जेथे ते आधी अवघडल्यासारखे उभे होते.

यावरून एक सिद्धान्त नव्हे, पण एक अनुभव मांडता येतो. मंडळीतून उठणे पुष्कळदा मंडळीसाठीच असते. नाथांची भारुडे एकट्या नाथांनी रचली, पण ती म्हणायला झांज वाजवणारे दहा जण लागतात. अभंग एकाच्या नावाच्या मुद्रेने संपतो, परंतु तो उचलला जातो तो टाळकऱ्यांच्या गळ्यातून. गायकाला एकटेपण लागते ते गाणे जन्माला येईपर्यंत. त्यानंतरही जर ते त्याचे एकट्याचेच राहिले, तर तबकडी कितीही सुबक असो, ती कपाटात राहते. जे गाणे परत येते तेच टिकते. आणि ते परत यायचे असेल तर जाणाऱ्याने दार आपटून जाता कामा नये व राहणाऱ्यांनी दाराला कडी लावता कामा नये. आपल्या संस्था, आपल्या सभा, आपले पक्ष रोज कोणा ना कोणा गुणी माणसाला गमावतात. जाणाऱ्याला आपण फुटीर म्हणतो आणि विसरतो. टिळकांच्या मंडळ्यांनी त्यांना विसरले नाही, त्यांची पदे म्हटली. त्यात त्यांचाही मोठेपणा आहे आणि त्याचे श्रेय त्यांना दिले पाहिजे.

आरंभी मी 'मंडळी' या शब्दाचे अनेक अर्थ सांगितले. टिळकांनी जातीची मंडळी सोडली, मिशनच्या मंडळींचा निरोप घेतला आणि दरबाराची मंडळी जमवू पाहिली, ती पांगली. अखेर त्यांचे अपुरे गाणे ज्या मंडळीने पुरे केले, ती जुन्या मराठीत नवरा जिचे नाव घेत नसे तीच होती. इतिहासात तिचे नाव घेतलेच पाहिजे. ते लक्ष्मीबाई टिळक.